पंढरीच्या वाटेवरचे थांबे

सोलापूरहून पंढरपूरला निघालेल्या गाडीपुढे दोन वाटा असतात. मोहोळवरची वाट सरळ आणि घाईची. मंगळवेढ्यावरची वाट थोडी लांब पडते, म्हणून बहुतेक गाड्या ती टाळतात. हा धागा त्या दुसऱ्या वाटेविषयी आणि तिच्या शेवटी असलेल्या गावाविषयी आहे.

या वाटेवर रायगड नाही, वेरूळ नाही. छायाचित्र काढताच मित्रांनी ओळखावे असे एकही स्थळ नाही. आहे ते असे : साडेचार वर्षे एका साम्राज्याची राजधानी असलेले एक खेडे, जी तिथे वारलीच नाही अशा शहजादीची कबर, भाविकांच्या पाठींनी गुळगुळीत झालेला एक शिलालेख, आणि देवळाच्या आत वाढलेले एक झाड. विचित्र गोष्टींची आवड असणाऱ्यास एक दिवस पुरेल. त्या गोष्टी विचित्र का झाल्या, हे ज्यास पाहायचे असेल त्यास मात्र दिवस अपुरा पडेल.

सोलापूर सोडल्यावर चाळीसेक किलोमीटरवर भीमा आडवी येते. पुलाच्या अलीकडे बेगमपूर, पलीकडे माचणूर आणि ब्रह्मपुरी. रत्नागिरी–नागपूर महामार्ग आता इतका रुंद झाला आहे की नदी केव्हा ओलांडली हे गाडीतल्यांना कळतही नाही. पण १६९५ च्या मे महिन्यापासून १६९९ च्या ऑक्टोबरपर्यंत हिंदुस्थानातील सर्वांत मोठी सत्ता या नदीकाठावरून चालत होती. औरंगजेबाने ब्रह्मपुरीस तळ ठोकला आणि गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले.

छावणी म्हटले की डोळ्यांपुढे तंबूंच्या चार ओळी येतात. मोगल छावणी म्हणजे चालते शहर. बाजारपेठा, टांकसाळ, दफ्तरखाना, जनानखाना, हत्ती, उंट आणि त्या सर्वांना पोसणारी माणसे. ब्रह्मपुरीला येण्याच्या थोडेच आधी, १६९५ च्या मार्च महिन्यात, कृष्णाकाठच्या गलगली येथे जेमेल्ली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने या बादशहाची भेट घेतली होती. त्याने लिहून ठेवलेला वृद्ध औरंगजेब कमरेत वाकलेला आहे, हातात काठी आहे. हाच वृद्ध पुढची साडेचार वर्षे भीमेकडे पाहत बसला. संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीस कासिमखानाचा केलेला नाश त्याने येथेच ऐकला, लगोलग हिंमतखान पडल्याचेही येथेच ऐकले. १६९८ मध्ये जिंजी हाती आल्याची खबर येथेच आली, आणि राजाराम महाराज तेथून निसटले हेही त्याला येथेच कळले. साताऱ्याच्या मोहिमेसाठी तो येथून उठला तो पुन्हा उत्तरेस परतण्यासाठी नव्हे.

याच छावणीत आणखी एक मुलगा वाढत होता. संभाजी महाराजांचा पुत्र शाहू, आई येसूबाईंसह, १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होता. ब्रह्मपुरीच्या वर्षांत तो तेरा ते सतरा वर्षांचा होता. ज्या नदीने त्याचे कैदेतले कुमारवय पाहिले, तिच्या दोन्ही काठांवरचा मुलूख पुढे त्याच्याच नावाने चालायचा होता. माचणूरच्या भग्न तटबंदीवर उभे राहिलेल्या प्रवाशाने निदान एवढे तरी आठवावे. किल्ल्याकडे पाहून ते आठवणार नाही. त्याची नदीकडची बाजू पाण्याने खाल्ली आहे आणि उरलेल्या भिंती शेतातल्या जुन्या गढीसारख्या दिसतात.

किल्ल्याच्या मागे, घाट उतरता उतरता, सिद्धेश्वराचे देऊळ लागते. पात्रात जटाशंकराचे छोटे देऊळ आहे, ते पावसाळ्यात पाण्याखाली जाते. साम्राज्याच्या मुक्कामाला लागून उभे असलेले हे शिवालय शाबूत कसे राहिले, हा प्रश्न गावालाही पडला असावा. कारण गावाने त्याचे उत्तर तयार ठेवले आहे. बादशहाने देवाला मांसाचे ताट पाठवले, वरचे वस्त्र दूर करताच आत पांढरी फुले निघाली, बादशहा वरमला आणि त्याने देवाला वर्षासन लावून दिले. ‘मांसाचा नूर पालटला’ म्हणून मासनूर आणि त्याचे माचणूर, अशी व्युत्पत्तीही सोबत मिळते.

ही कथा ऐकताना चिंचवड आठवले पाहिजे. तेथील देवांच्या घराण्यातही नेमकी हीच कथा आहे. तोच बादशहा, तेच ताट, तशीच फुले, आणि शेवटी आठ गावांचे इनाम. कथेचा साचा एक, पाट्या दोन. म्हणून ती फेकून द्यावी असे नाही. दोन्ही ठिकाणी कथा ज्या टोकाला येऊन थांबते तिकडे बघावे. चमत्काराचा शेवट उत्पन्नाच्या नोंदीत होतो. राज्य कोणाचेही असो, देवस्थानाचे चालू उत्पन्न चालू ठेवणे ही त्या काळची रीत होती, आणि देवळे मोडणाऱ्या बादशहाच्या दफ्तरातही ती काही ठिकाणी टिकली. ज्याला एवढे गुंतागुंतीचे सांगायचे नसे, तो फुलांची गोष्ट सांगे. फुलांची गोष्ट लक्षातही राहते.

पुलाच्या अलीकडचे बेगमपूर याहून अवघड आहे. येथे भीमेवर ओणवलेल्या आवारात एक साधी, भक्कम कबर आहे. १८८४ चे सोलापूर गॅझेटियर सांगते की, बादशहा पलीकडे ब्रह्मपुरीत असताना त्याची एक मुलगी येथे वारली आणि तिच्यावरून गावाला नाव पडले. गावही तेच सांगते, फलकांवरही तेच येते. आता बेरीज करून पाहावी. औरंगजेबाला पाच मुली होत्या. बद्रुन्निसा १६७० मध्येच गेली. झेबुन्निसा १७०२ मध्ये दिल्लीस वारली, मेहरुन्निसा १७०६ मध्ये, झुब्दतुन्निसा १७०७ मध्ये. झीनतुन्निसा, जिने शाहू आणि येसूबाईंना माया लावली असे म्हणतात, ती १७२१ पर्यंत जगली. १६९५ ते १६९९ या वर्षांत पाचांपैकी एकही वारलेली नाही.

म्हणजे कबर खरी, नदी खरी, छावणी खरी. मुलगी तेवढी खोटी. ज्या बाईसाठी हे आवार बांधले गेले तिला आपल्या नावाने ओळखले जाण्याऐवजी बापाच्या नावाने ओळखले जावे लागले, आणि तो बापही तिचा नव्हता. मोठ्या नावाजवळ पुरलेल्या माणसांचे बहुधा असेच होते. पुढच्या वेळी कोणी ‘औरंगजेबाच्या मुलीची कबर’ असे शीर्षक लावून चित्रफीत टाकली, तर खाली ही पाच वर्षे लिहून द्यावीत. भांडण करू नये.

येथून मंगळवेढ्यापर्यंत काळी, सपाट जमीन आहे. हिवाळ्यात गेल्यास दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते. ही मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात याच मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण गेली कित्येक दशके रब्बी ज्वारीच्या मुलखात पेरला जातो. त्यातला ‘एम’ मालदांडीचा. पावसाच्या फारशा पाण्याविना, जमिनीत मुरलेल्या ओलीवर हे पीक येते. पीक सांगायचे कारण एवढेच की मंगळवेढ्याची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट धान्याच्या कोठाराची आहे.

मंगळवेढे एके काळी कलचुरींची राजधानी होते. बिज्जलाने कल्याणीचे सिंहासन घेतले ते या गावातून निघून. आज मात्र गावाला कलचुरी कोणी विचारत नाही. लोक विचारतात दामाजीला, चोखोबाला आणि कान्होपात्रेला. एकाच गावातून विठ्ठलाकडे गेलेली ही तीन माणसे, आणि तिघांना देवाच्या दारात मिळालेली जागा वेगवेगळी. या वाटेवरचे खरे आश्चर्य हेच आहे. त्यासाठी तिकीट नाही आणि दिशादर्शक बाणही नाही.

दामाजीपंत बेदरच्या बहामनी राज्याचे अंमलदार. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांना लुटू दिली. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम काढला. तेव्हा विठ्ठलाने महाराचे रूप घेतले, विठू महार होऊन बेदरच्या दरबारात धान्याची किंमत मोजली आणि पावती घेतली. मराठी घराघरांतून ही कथा सांगितली जाते. एका परंपरेत महारांच्या बावन्न हक्कांची सनदही या प्रसंगाशी जोडलेली आहे. भक्ताची लाज राखण्यासाठी देवाला महार व्हावेसे वाटले.

त्याच गावात, दामाजीच्या सव्वाशे वर्षे आधी, चोखामेळा नावाचा खराखुरा महार राहत होता. वेठीवर गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तोही गाडला गेला. परंपरा हे वर्ष शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८, असे देते. नामदेव मंगळवेढ्याला आले आणि त्यांनी ढिगाऱ्यातली हाडे उचलून कानाला लावली. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोखोबांची, असे मानून त्यांनी ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. महाद्वारासमोर; आत नव्हे.

तिसरी कान्होपात्रा, मंगळवेढ्याच्या एका गणिकेची मुलगी. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरपूर गाठले आणि देवाच्या पायांशी प्राण सोडला. तिला देवळाच्या आवारातच, दक्षिणेच्या दाराशी पुरले, आणि तेथे तरटीचे झाड उगवले असे सांगतात. तरटी आजही तेथे पुजली जाते. जिला गावाने प्रतिष्ठित घरात पाऊल ठेवू दिले नसते, तिची समाधी देवाच्या अंगणात आहे. ज्याच्या जातीचे रूप देवाने घेतले, त्याची समाधी उंबऱ्याबाहेर.

हे तिन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. दामाजीची कथा शाळेत येते, कान्होपात्रेवर नाटक येते, चोखोबांचे अभंग कीर्तनात येतात. पण तिघांना एकाच पंचक्रोशीत उभे केले की अडचण सुरू होते. कथेतला विठू महार राजदरबारात जातो आणि त्याची पावती मानली जाते. गावकुसाखाली मेलेल्या महाराची हाडे मात्र दरवाज्यापाशी थांबतात, आणि ती सहा शतके तेथेच थांबतात. त्यांच्यानंतर जन्मलेल्या कोणाही अस्पृश्य वारकऱ्याला समाधीच्या पुढे जाता आले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, तो या संदर्भात वाचण्यासारखा आहे.

मंगळवेढ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर पंढरपूर. महाद्वाराशी पहिली पायरी लागते, ती नामदेवांची. येणाऱ्या भक्तांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली अशी श्रद्धा आहे. झाले उलटेच : आज त्या पायरीवर पाय न ठेवता लोक पुढे जातात. पायाखाली राहण्याची इच्छा धरणाऱ्याला वारसांनी डोक्यावर घेतले. आदराने एखाद्याचे म्हणणे मोडण्याचे इतके सुबक उदाहरण दुसरे मिळणार नाही.

समोर चोखोबांची समाधी. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी याच गावात उपोषण सुरू केले ते ही समाधी आणि ती पायरी यांच्यामधले अंतर मिटावे म्हणून. दहा दिवसांनी, १० मे रोजी, देऊळ हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते. अंतर पावलांत मोजले तर थोडे आहे. दर्शनाच्या रांगेतला माणूस ते सहज पार करतो आणि त्याला कळतही नाही.

देवळात यादवकाळातला प्रसिद्ध शिलालेख आहे, शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७. रामचंद्रदेव यादवाचे राज्य, हेमाद्री पंडिताचे नाव, आणि खाली देवाला कोणी किती दिले याची मराठीतली यादी. ज्ञानेश्वरी सिद्ध होण्याआधीची ही मराठी आहे, वर्गणीच्या हिशेबाची. लोक याला ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ म्हणतात. त्या नावावरून चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत रूढ झाली आणि भाविक पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पाठ घासत राहिले. घासता घासता अक्षरे झिजली. पुराभिलेखाच्या अभ्यासकाला हे पाहून हळहळ वाटेल, आणि वाटायला हवी. पण हेही खरे की या दगडाला लोकांनी जसे जिव्हाळ्याने वागवले तसे वस्तुसंग्रहालयातल्या दगडाला कोणी वागवत नाही. ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी वाचन करून ठेवले म्हणून मजकूर उरला. ज्यांनी तो वाचला आणि ज्यांनी त्यावर पाठ घासली, त्या दोघांनाही दगड महत्त्वाचाच वाटत होता.

याच देवळातला आणखी जुना लेख होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला, इ.स. १२३७ चा, संस्कृत आणि कानडीत आहे. ज्यांना विठ्ठल केवळ एका भाषेचा वाटतो त्यांनी या दोन लेखांमध्ये चाळीस वर्षांचेही अंतर नाही हे लक्षात घ्यावे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात ही गोष्ट किती खोल जाते ते दाखवले आहे.

आता पंढरपुरातली एक जागा, जिथे पाहण्यासारखे काहीच नाही. १८१५ च्या जुलै महिन्यात, आषाढीच्या दिवसांत, दुसरा बाजीराव येथे होता. अहमदाबादच्या इजाऱ्याच्या वादासाठी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर आले होते. एका संध्याकाळी प्रकृती ठीक नसतानाही आग्रहावरून ते दर्शनाला गेले आणि परतताना देवळाजवळच्या वाटेवर मारेकऱ्यांनी त्यांना तोडले. संशय पेशव्यांचा आवडता त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी पाहत होता. पुढचे सारे भराभर घडले : त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात कैद, १८१६ मध्ये तेथून पलायन, जून १८१७ चा पुणे करार, नोव्हेंबरात युद्ध. निसटण्याचा बेत एका मोतद्दाराने खिडकीखाली गाणी म्हणून कैद्याच्या कानी घातला, ही हकीकत बिशप हेबरने टिपली आहे. पेशवाईच्या अखेरचा पहिला दोर पंढरपूरच्या एका गल्लीत कापला गेला, आणि आज ती गल्ली तुळशीमाळा विकते.

शेवटच्या दोरासाठीही फार लांब जावे लागत नाही. पंढरपूरच्या उत्तरेला, तासाभराच्या आत, आष्टी आहे. २० फेब्रुवारी १८१८ रोजी येथे बापू गोखले पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले आणि बाजीराव निसटला. आष्टीचा मोठा तलाव त्यानंतरच्या साठ वर्षांतला, १८७६-७७ च्या दुष्काळी कामातून उभा राहिलेला. लढाई पाहायला गेलेला माणूस तलावावरचे पक्षी पाहून परततो. त्यात वाईट काही नाही.

वेळ उरला तर दोन ठिकाणे. पहिले पंढरपुरातलाच कैकाडी महाराजांचा मठ. नागमोडी, भुयारासारख्या वाटेने आत शिरावे; दोन्ही बाजूंना देव, संत, पुराणातले प्रसंग, राष्ट्रपुरुष, असे रंगीत पुतळ्यांचे अखंड जग. शहरी रुचीचा माणूस येथे हसतो. हसण्याआधी त्याने एक आठवावे की टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी समाजाला इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, आणि तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. त्या समाजातल्या एका साधूने पंढरीत स्वतःची जागा केली आणि तीत कोणाकोणाला बसवायचे हे स्वतः ठरवले. महाद्वाराची गोष्ट ऐकून येथे आलेल्याला या गर्दीचा अर्थ वेगळा लागतो.

दुसरे गोपाळपूर आणि विष्णुपद, गावाच्या दक्षिणेला. गोपाळपूरच्या देवळात जनाबाईचे जाते दाखवतात. विष्णुपदाचे देऊळ नदीपात्रात आहे, खडकावर पावलांच्या आणि गाईच्या खुरांच्या खुणा. मार्गशीर्षात विठ्ठल येथे मुक्कामाला असतो असे मानतात, त्यामुळे त्या महिन्यात पंढरपूरकर शिदोरी घेऊन नदीत जेवायला येतात. पावसाळ्यात पाणी वर असते, तेव्हा जाता येत नाही. ज्वारी हुरड्याला येते ती साधारण याच सुमारास किंवा थोडी नंतर. मंगळवेढ्याची वाट धरायची तर ते दिवस बरे.